व्याह्यांच्याच हातानं व्याह्यांशी बोलणी

मुक्काम गंगाखेड, कोजागिरी झाल्यावरचा मंगळवार

चिरंजीव वैजीनाथ यास,

तुझी आजी धुरपताबाई हिचा आशीर्वाद पोचावा, आणि पोचल्याबरोबर तू जेवून घ्यावंस, कारण तू उपाशी असशील याची मला खात्री आहे. हैदराबादेत म्हणे पोळी कागदासारखी पातळ करतात. कागद खाऊन माणूस अहलकार, म्हणजे सरकारी कारकून, होतो हे खरं, पण अंगानं भरत न्हाई. महालक्ष्म्यांना आला होतास तेव्हा तुझ्या सदऱ्यात आणखी एक वैजीनाथ मावला असता. तब्येतीला जप. लढाईमुळं तिकडं घासलेट मिळत नसेल तर लवकर निजत जा, पुस्तक कुठं पळून जायलंय?

इकडं खैरियत आहे. तुझ्या बापाचा गुडघा दुखतो, पण बाजाराच्या दिवशी दुखत न्हाई. तुझ्या आईनं कोजागिरीला दूध आटवलं ते करपलं, आणि ते करपलं न्हाई असं म्हणत आम्ही सगळ्यांनी पिलं. सटवाजी भावजींचे डोळे आणखी मंदावलेत, पण ते कबूल करत न्हाईत. परवा त्यांनी वेशीत म्हशीला रामराम घातला आणि तिनं जवाब दिला न्हाई म्हणून अजून रागात आहेत. तुझी बहीण गया तब्येतीनं ठीक आहे. बाकीचं तिचं काय ते याच पत्रात येणार आहे.

आता हे अक्षर बघून तू चमकला असशील. तुझ्या बापाचं अक्षर म्हणजे कोंबडी उकरून गेल्यासारखं, आणि हे बघ कसं ओळीत बसलंय. हे तुझ्या बहिणीच्या सासऱ्याचं, राणीसावरगावच्या व्यंकटरावांचं अक्षर आहे. होय, तेच. ज्यांच्याशी आपलं बोलणं बंद आहे, तेच व्याही आपल्या ओसरीवर बसून हे लिहायलेत, आणि मी सांगेन तसंच, एक काना-मात्रा न बदलता लिहीन असा शब्द त्यांनी मला दिलाय.

(चि. वैजीनाथ, कंसात शेवटी व्यं. असेल ते माझं समजावं. सांगितलेलं बदलणार नाही असं कबूल केलंय. मधे आपलं काही घालणार नाही असं कुणी विचारलंही नव्हतं. व्यं.)

तर मुद्दा असा. तू महालक्ष्म्यांना आलास तेव्हा माजघरात बसून आम्हाला एवढं मोठं व्याख्यान दिलंस. हैदराबादचं सरकार आणि इंग्रजाचा रेसिडेंट यांच्यात जी बोलणी चालतात, ती करणाऱ्या साहेबांच्या हाताखाली तू कागद लावून देतोस, आणि आता त्या साहेबांनी हुकूम काढलाय की बोलणी करणाऱ्यानं मनाचं शास्त्र शिकलं पाहिजे. दोन दरबारांत बोलणी म्हणजे अखेर दोन माणसांची बोलणी, आणि माणूस जे मागतो ते त्याच्या मनात असतंच असं न्हाई, असं तू म्हणालास. तुझ्या आईला वाटलं तुला बाधा झाली. मी मात्र ऐकून घेतलं. मला वाटलं, या शास्त्रानं विलायतेतली लढाई थांबली न्हाई ती न्हाई, निदान राणीसावरगावची तरी थांबते का ते बघावं.

भांडणाचं मूळ तुला अर्धंच माहीत आहे, तू तेव्हा हैदराबादेत होतास. धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाला जेवायला बोलावलं. आश्रुबाबरोबर त्याच्या वडलांनाही, म्हणजे या व्यंकटरावांनाही, मानानं बोलावलं. वाण दिलं की फेटे बांधायचे. व्याह्यांसाठी जरीचा फेटा परभणीहून आणलेला, आणि फेटा बांधावा तर सटवाजी भावजींनीच, त्यांच्या हातासारखा पीळ तालुक्यात कुणाला पडत न्हाई. आता भावजी बसले फेटा धरून. व्याही हात-पाय धुवायला बाहेर गेलेले, तेवढ्यात दारातून कोण आत यावं? तर व्याह्यांचा गाडीवान लिंबाजी. उंच धिप्पाड गडी, मिशा तलवारीसारख्या, आणि अंगात व्याह्यांचाच जुना काळा कोट. बिचारा पाणी मागायला आला होता. भावजींनी "या, बसा पाव्हणं" म्हणून त्याला पाटावर बसवलं आणि जरीचा फेटा तुऱ्यासकट बांधून मोकळे झाले. लिंबाजीला वाटलं, या घरात पाणी मागितलं की अशीच रीत असंल. तो मान सरळ धरून बसला.

एका डोक्यावरचा फेटा सोडून दुसऱ्याच्या डोक्यावर बांधता येत न्हाई, हे तुझ्या साहेबालाही कळंल. व्याह्यांना मग दुसरा, साधा फेटा पुढं केला. त्यांनी तो हातानंच बाजूला सारला आणि न जेवता उठले. जाताना आणखी एक झालं. गाडी पेठेतून निघाली, लिंबाजी पुढं जरीचा फेटा घालून बसलेला आणि मागं मालक. सगळी पेठ गाडीवानाला रामराम घालायली.

(लिंबाजी उलट सगळ्यांना हात जोडत होता. हे बाईंना माहीत नाही. व्यं.)

पंचमीला आपण गयाला आणायला माणूस पाठवला. व्याह्यांनी पाठवलं खरं, पण निरोप दिला, "न्यायलाव तर न्या, आणून घालायची गाडीबी तुमचीच." आता आपल्याकडची रीत सासरच्यांनी न्यायला यायची. आपण गाडी पाठवली तर पोरीनंच काही गुन्हा केला असं होतंय. त्यांनी गाडी पाठवली तर त्यांनी तो फेटा गिळला असं होतंय. मग गणपती गेले, महालक्ष्म्या गेल्या, दसरा गेला, आणि पोर माहेरी बसून राहिली. शेजारणी पाणी भरताना तिला "अजून हायस का गं?" असं पुसायल्यात. आणि नवरात्र लागल्या लागल्या परळीकडचा एक भला माणूस आश्रुबासाठी दुसरं स्थळ घेऊन राणीसावरगावला जाऊन आला, ही खबर इथं पोचली. गयानं ती ऐकली आणि ज्वारी दळत बसली. पीठ एवढं झालं की घरात ठेवायला भांडं राहिलं न्हाई.

(तो माणूस आला होता. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आश्रुबा त्या दिवशी जेवला नाही. व्यं.)

म्हणून मी त्याच नवरात्रात देवीच्या दर्शनाचं निमित्त करून राणीसावरगावला गेले. तुझं शास्त्र पदराला बांधूनच गेले म्हण. तू सांगितलं होतंस की ज्याच्याशी बोलायचं त्याच्या समोर बसू नये, समोर बसला की तो वैरी वाटतो, शेजारी बसावं. व्याही घरापुढच्या ओट्यावर गावच्या चार जाणत्यांत बसलेले. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. ते जरा सरकले. मीही सरकले. ते आणखी सरकले. आता तुझ्या शास्त्रात सरकणाऱ्या माणसाचं काय करायचं ते न्हवतं, म्हणून मी आणखी सरकले. ओटा संपला. व्याही खाली उतरून उभे राहिले, तशी मीही उभी राहिले. चार जाणते तोंडाला उपरणं लावून बसलेले. तुझ्या साहेबाला आठवणीनं सांग, शेजारी बसायचं कलम रेसिडेंटसाठी चांगलं असंल, पण व्याही आणि विहिणींना ते लागू करू नका.

(मी सत्तावन्न वर्षांचा माणूस. गावात अजून मला "सरका" म्हणतात. व्यं.)

बरं, तिथंच थांबावं की न्हाई? पण मला तुझं दुसरं वाक्य आठवलं. समोरचा जे बोलेल ते आधी आपल्या तोंडानं त्याला परत सांगायचं, म्हणजे आपलं ऐकलं गेलं असं त्याला वाटतं आणि राग उतरतो. व्याही म्हणाले, "तुमच्या घरात माणसाची पारख न्हाई."

मी म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की आमच्या घरात माणसाची पारख न्हाई."

"तेच म्हणलो मी."

"म्हणजे तुमी तेच म्हणलाव."

"मोठ्या बाई, तुमी मला वेडवायलाव का?"

"म्हणजे तुमाला असं वाटायलंय, की मी तुमाला वेडवायले."

एवढ्यावर व्याही घरात गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी देवीला नारळ फोडून परत आले. येताना गाडीत विचार केला की वैजीनाथला शाळेत घातलं न्हाई तर काय बिघडलं असतं.

पण बाळा, तुझं पुरतंच खोटं ठरवावं तर तेही खरं न्हाई. घरी आल्यावर दोन गोष्टी मनात राहिल्या. एक, तू म्हणाला होतास की दुसऱ्याचं मन बघण्याआधी बोलणी करणाऱ्यानं आपलं बघावं. मी बघितलं. मला वाटत होतं माझ्या मनात गया आहे. बघितलं तर आत गाडीच होती. आपण गाडी पाठवायची न्हाई, एवढंच घट्ट धरून मी देवीपर्यंत जाऊन आले होते. आणि दुसरी गोष्ट तू निघताना जोडे घालता घालता बोललास, त्यामुळं कुणी ध्यान दिलं न्हाई. रुसलेल्या माणसाला काही देऊ नये, त्याच्याकडं काहीतरी मागावं. देणारा वर आणि घेणारा खाली असतो. त्याला देणारा होऊ द्यावं, म्हणजे त्याला खाली उतरल्यासारखं न वाटता जवळ येता येतं.

मग मी विचार केला, व्याह्यांकडं असं काय आहे जे आपल्याकडं न्हाई? बैल आपल्याकडं आहेत. जमीन आहे. इज्जत दोन्हीकडं सारखी, म्हणून तर ही तकरार. मग आठवलं, त्यांचं अक्षर. लग्नाची पत्रिका त्यांनी हातानं लिहून पाठवली होती ती तुझ्या आईनं देवघरात लावलीय. मी निरोप पाठवला, "नातवाला हैदराबादला पत्र धाडायचंय, मला अक्षर येत न्हाई, लेकाचं अक्षर पोष्टमनाला लागत न्हाई, तुमच्यासारखा हात या तालुक्यात न्हाई, तेवढी तसदी घ्यावी." आणि बघ, आज दिवस उगवायला व्याही बोरू-दौत घेऊन दारात. पाणी घेतलं, गूळ घेतला न्हाई, बसले. मी त्यांना आधीच सांगून टाकलं की पत्र तुमच्याविषयीच आहे. म्हणाले, "लिहिणाराला विषयाशी काय करायचंय? सांगा."

(खोटं नाही. पण अक्षराची तारीफ निरोप्यानं पेठेत मोठ्यानं सांगितली, ते बरं झालं. व्यं.)

इथपर्यंत लिहून झालं आणि मी म्हणाले, आता तुमची बाजू माझ्या तोंडानं लिहा, चुकली तर दुरुस्त करा. (हेही तुझ्याच शास्त्रातलं.) मी सांगितलं, "लिहा, व्याह्यांना राग आला कारण जरीचा फेटा गाडीवानाला बांधला." त्यांनी बोरू दौतीत बुडवला आणि तसाच धरला. शाई ठिबकून कागदावर जो डाग पडलाय तो तिथला आहे, तो ओलांडून पुढं वाच.

ते म्हणाले, "फेट्याचं न्हवतं, मोठ्या बाई."

मग जे बोलले ते मी त्यांनाच लिहायला लावते, कारण ते मला नीट सांगता यायचं न्हाई. त्यांच्या मंडळी, आपल्या सुमनबाई, फाल्गुनात गेल्या. धोंड्याच्या जेवणाला तुझ्या आईनं पाट मांडले ते सवयीनं जोडीनं मांडले, व्याह्यांचा एक आणि शेजारी विहिणीचा एक, रांगोळीसकट. व्याही बसायला आले आणि रिकाम्या पाटाकडं बघत उभे राहिले. तुझ्या आईच्या ध्यानात आलं, तशी तिनं घाईघाईत पाट उचलला आणि रांगोळी पायानं पुसली. सुमनबाईंचं नाव त्या दिवशी आपल्या घरात कुणाच्या तोंडी आलं न्हाई. अपशकुन नको म्हणून सगळे गप्प. मग तो फेट्याचा घोळ झाला. व्याही म्हणाले, "जावयाच्या वाणाच्या पंगतीतून पुरुषाला रडत उठता येत न्हाई, बाई. रागावून उठता येतंय. लिंबाजीनं माझी सोय केली."

(लिहिलं. व्यं.)

मी काही परत म्हणून दाखवलं न्हाई. तुझी आई आत दाराआड उभी होती, तिनं ऐकलं. ती बाहेर आली, व्याह्यांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "विहीणबाईंना शेवया आवडायच्या, आज तेच करायलेय." व्याह्यांनी मान हलवली. मग बराच वेळ आम्ही सुमनबाईंविषयीच बोललो. त्या किती भांडायच्या ते निघालं. रुखवतातल्या करंज्यांवरून माझ्याशी त्या काय बोलल्या होत्या तेही निघालं, आणि व्याही हसले. म्हणाले, घरी आल्यावर त्यांनी तुमच्या करंज्या लपवून ठेवून एकटीनं खाल्ल्या. आता सांगायलेत! तेव्हा सांगितलं असतं तर मी आणखी चार पाठवल्या असत्या.

तर तुझ्या साहेबाला एवढं कळव की शास्त्राचं निम्मं बरोबर आहे. माणूस फेटा मागतो आणि त्याच्या पोटात दुसरंच असतं, हे खरं. पण पोटातलं कळलं म्हणून बाहेरचं मिटलं असं न्हाई. व्याह्यांनी डोळे पुसले, बोरू पुसला आणि परत म्हणाले, "गाडीचं मात्र मी म्हणलो ते म्हणलो." मीही म्हणाले, "मीबी." दोघांनाही वाईट वाटलं, पण शब्द गावभर झालेला, मागं कसा घ्यायचा? मला वाटतंय तुझे मोठे साहेब लोकही असेच अडकत असतील. मनानं कधीच मिटलेलं असतं, आणि गाडी कुणाची यावर फौजा उभ्या राहतात.

असो. पत्र लांबलं. व्याह्यांचा हात दुखत असेल, पण ते बोलून दाखवणार न्हाईत. थंडी पडायला लागली आहे, कानाला बांधत जा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि ज्या खाणावळीत जेवतोस तिथल्या आचाऱ्याला माझ्यातर्फे काही सांगू नकोस.

तुझी आजी धुरपताबाई, अंगठा खाली उठवला आहे.

ता.क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. हे पोचताच तू व्यंकटरावांच्या नावानं राणीसावरगावच्या पत्त्यावर एक अदबीचं पत्र टाक. त्यात असं लिही, की "भाऊबीजेला बहिणीला माहेरी न्यायला मी मुराळी म्हणून येऊ इच्छितो, आपली परवानगी असावी." मुराळी सासरी जातो, होय का न्हाई? बहीण माहेरीच बसली असंल तर तिला माहेरी आणायची परवानगी देणार कशी? तेव्हा परवानगी द्यायची असंल तर व्याह्यांना ती आधी घरी नेऊन ठेवावी लागंल. म्हणजे त्यांनी फेटा गिळला न्हाई, फक्त भावाची रीत राखली. आणि आपणही गाडी पाठवली न्हाई. व्याह्यांना हे कळू नये म्हणून मी ते हळू आवाजात सांगितलं आहे.

(हळू आवाजात सांगितलं ते मीच लिहिलं. व्यं.)

ता.क. दुसरा. मी दोन शब्द बोलते आणि हे चार ओळी लिहितात असं मला मघापासून वाटायलंय. तू वाचून खरं काय ते कळव, पण कळवायचं पत्र तुझ्या बापाकडून वाचून घेईन, यांच्याकडून न्हाई.

ता.क. तिसरा. हा माझा, व्यंकटरावाचा. मोठ्या बाई शेवया बघायला आत गेल्या आहेत तेवढ्यात लिहितो. तू सांगितल्याप्रमाणे पत्र टाक, परवानगी दिलीच आहे. पण एक ध्यानात घे. कागद आणि बोरूसाठी कुणी बैलगाडीत गादी घालून, वर छत बांधून, मध्यरात्री निघत नाही. घराबाहेर पडलो तेव्हाच सुनेला घेऊन जायचं ठरवून निघालो. मी फेट्याचंच सांगत होतो, तेव्हा आश्रुबानं मला विचारलं, "बाबा, आईनं काय केलं असतं?" त्यावर मी लिंबाजीला गाडी जुंपायला सांगितलं. गाडी वेशीबाहेर लिंबाच्या सावलीत सोडली आहे, लिंबाजी तिथं झोपला आहे. हे मी अजून कुणाला सांगितलं नाही, कारण तुझ्या आजीच्या डोक्यात आणखी एक-दोन युक्त्या शिल्लक दिसतात, आणि सुमन गेल्यापासून माझी एवढी मनधरणी कुणी केलेली नाही. जेवण होईपर्यंत चालू द्यावी म्हणतो. गया दोनदा दारातून डोकावून गेली. तिला मी खुणेनंच सांगितलं, बोचकं बांध. ती हसली नाही, पण आत सकाळपासून चाललेलं जातं बंद झालं आहे. आता पुरे करतो. बाई बाहेर येऊन विचारायल्यात, "पाव्हणं, एवढं काय लिहायलाव?" मी सांगितलं, पत्ता लिहायलोय, हैदराबाद लांब आहे.